शेंड्याला भोक असलेला साचा: ब्रिस्टलच्या जुन्या साखरघरांच्या मागावर

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जुन्या भरावात खोदकाम झालं की लाल मातीच्या जाड खापरांचे तुकडे निघतात. त्यातले बरेच साखर शुद्ध करायच्या साच्यांचे असतात. तसा एक साचा घरी बनवून त्यात साखरेचा एक शंकू पाडायचा, एवढाच हा उद्योग. पाच महिने लागले. वाटलं होतं महिनाभरात उरकेल. कुणाला करून बघायचं असेल तर माझ्या चुका तरी पुन्हा करू नका, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय.

१० फेब्रुवारी २०२४

शनिवारी खापरं धुवायला आणि वर्गवारी करायला जातो. जुन्या उत्खननांच्या पेट्या पडून आहेत, हौशी माणसं येऊन लावून देतात. जानेवारीपासून मी सात पिशव्यांवर ‘गटाराचा नळ’ असं लिहून ठेवलं होतं. तुकडे जाड, लाल, बाहेरून खरबरीत, वक्रता जवळजवळ नाहीच. शिवाय आतून पांढरट अस्तर. मला वाटलं, पाणी वाहून चुना बसलाय.

आज आमच्या गटातल्या अनुभवी बाईंनी एक तुकडा हातात ठेवला. मुठीएवढा, गोलसर टोकाचा, मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. म्हणाल्या, हा साच्याचा शेंडा, आणि तुझे ‘नळ’ म्हणजे त्याच साच्याच्या भिंती. शंकू मोठा असला की भिंतीचा छोटा तुकडा सपाटच दिसतो. आतलं पांढरं अस्तर कुंभारानेच दिलेलं असतं, साखर चिकटू नये आणि पृष्ठभाग गुळगुळीत यावा म्हणून.

हा साचा शेंडा खाली करून एका मडक्यावर उभा करायचे. घट्ट पाक वरून ओतायचा, दाणा धरला की भोकाचा बोळा काढायचा. काकवी खालच्या मडक्यात गळते, साखर साच्यात राहते. खालचं मडकं आतून झिलई दिलेलं असतं, नाहीतर काकवी झिरपून जाईल. पेटीत अशा मडक्यांचेही तुकडे होते. ते मी ‘स्वयंपाकाची भांडी’मध्ये टाकले होते.

मी कोल्हापूरकडचा, गुऱ्हाळावर वाढलेला. पाक, काहील, मळी हे शब्द मला कुणी शिकवावे लागले नाहीत. आणि तरी सहा आठवडे मी हे तुकडे गटारात टाकत होतो. घरी येताना ठरवलं, एक साचा करून बघायचाच.

१७ फेब्रुवारी

सुरुवात जागा बघण्यापासून. कासल पार्कमध्ये सेंट पीटर चर्चचा छप्पर नसलेला सांगाडा उभा आहे. त्याच्या मागे, नदीच्या अंगाला, रॉबर्ट ऑल्डवर्थ नावाच्या व्यापाऱ्याचा वाडा होता. १६१२मध्ये त्याने तिथे साखरघर, म्हणजे साखर शुद्ध करायचा कारखाना काढला, ब्रिस्टलमधला पहिला. पुढे त्याच वाड्यात काही काळ टाकसाळ चालली, मग गोरगरिबांसाठीचं घर झालं. २४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात वाडा आणि चर्च दोन्ही गेले. आज तिथे हिरवळ आहे आणि बाकावर सँडविच खाणारी माणसं. अर्धा तास फिरलो, बघण्यासारखं काही नाही.

शहराच्या लुइन्स मीड भागात जास्त हाती लागतं. तिथली १७२८ची साखरघराची इमारत अजून उभी आहे, आता हॉटेल आहे. उंच, दगडी, मजल्यावर मजले. एवढे मजले कशाला, याचं उत्तर मला मे महिन्यात स्वतःच्या घरात मिळालं. त्याबद्दल पुढे.

अठराव्या शतकाच्या मध्याला शहरात अशी वीसेक साखरघरं चालत होती. त्यांच्या आगी हा गावाचा नेहमीचा विषय होता. भट्टी, उकळता पाक आणि लाकडी मजले एका छपराखाली असले की दुसरं काय होणार.

२ मार्च

साच्याचं माप ठरवलं. खरे साचे पाव मीटरपासून पाऊण मीटरपर्यंत असत, चांगल्या साखरेला लहान, हलक्या साखरेला मोठे. माझ्या हातात सामुदायिक कुंभारशाळेतली एक लहान भट्टी, म्हणून आतून २९ सेंमी उंच आणि तोंडाशी १५ सेंमी रुंद.

चाकावर एवढा उंच शंकू उचलणं मला जमणार नाही हे पहिल्या तासातच कळलं. तीन वेळा मान लचकून पडला. जुने कुंभार दिवसाला असे किती काढत असतील देव जाणे. मग जाड पुठ्ठ्याचा शंकू केला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि लाटलेल्या मातीचा पत्रा त्याभोवती लपेटला. दोन साचे झाले. लाल मातीची साडेबारा किलोची पिशवी १४ पाउंडांना.

३ मार्च

दोन्ही साचे उभे तडकले, वरपासून खालपर्यंत.

चूक उघड आहे. माती वाळताना आवळते, आतला पुठ्ठा आवळत नाही. मी रात्रभर साचे पुठ्ठ्यावरच ठेवले. शाळेतले एक आजोबा म्हणाले, पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हेच सांगतो. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे कुणी सांगितलं नाही. माती पुन्हा भिजत घातली. दोन शनिवार पाण्यात.

१६ ते ३० मार्च

दुसरा प्रयत्न. पुठ्ठ्यावर आधी वर्तमानपत्राचे दोन थर, मग माती. तीन तासांनी, माती चामड्याइतकी ताठ झाल्यावर, पुठ्ठा ओढून काढला. कागद आतच राहिला तरी चालतो, भट्टीत जळून जातो. पण मला आतून पांढरं अस्तर द्यायचं होतं, म्हणून तोही सोलून काढला.

अस्तर म्हणजे पांढरी माती पाण्यात ताकाएवढी पातळ करून साच्यात ओतायची, फिरवायची आणि उरलेली बाहेर काढायची. पांढऱ्या मातीला ६ पाउंड. भोक मात्र फसलं. पहिल्या साच्याला मी भोक साचा जवळजवळ वाळल्यावर पाडलं, आणि कडेला केसाएवढी चीर गेली. बाकी दोघांना ओलेपणीच, सफरचंदाचा गाभा काढायच्या नळीने, २० मिमीचं.

सुकवताना साचे तोंडावर पालथे ठेवले, वर प्लास्टिकची पिशवी, दहा दिवस. घाई केली नाही. या सगळ्या प्रकल्पात मी घाई न केलेली ही एकच गोष्ट.

२० एप्रिल

भट्टीतून आले. नगाला ९ पाउंड भाजणावळ, तीन साचे, २७ पाउंड. माती दहा टक्के आवळली: आतली उंची २६ सेंमी, तोंड साडेतेरा, भोक १८ मिमी. चीर गेलेल्याचं भोक फाटलं होतं. उरले दोन.

पाणी भरून बघितलं. अर्ध्या तासात बाहेरून घाम सुटल्यासारखा दिसायला लागला. झिलई नसलेल्या भांड्याचं असंच होणार. माठच तो.

२७ एप्रिल

कच्ची साखर म्हणून मस्कोवाडो घेतली, काकवीसकटची ओलसर तपकिरी साखर. अर्ध्या किलोच्या पुडीला अडीच पाउंड. पुडीवर लिहिलंय, मॉरिशस.

ऑल्डवर्थच्या काळात कच्ची साखर स्पॅनिश-पोर्तुगीज व्यापारातून यायची. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर बार्बाडोस, नेव्हिस, जमैका. म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तोडलेला आणि उकळलेला ऊस. १६९८ ते १८०७ या काळात ब्रिस्टलहून गुलामांच्या व्यापारासाठी दोन हजारांहून अधिक जहाजफेऱ्या झाल्या. मॉरिशसमध्येही आधी गुलामच होते. ती प्रथा बंद पडल्यावर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, त्यात मराठी माणसंही होती आणि त्यांची पुढची पिढी आजही तिथे आहे. पुडी फोडताना हे डोक्यात होतं. साचा दिसायला साधा आहे, पण तो या साखळीचं शेवटचं टोक. रोपमळ्यावर साखर कच्चीच ठेवायची आणि शुद्ध करायचा नफा इंग्लंडच्या बंदरात घ्यायचा, म्हणून ही खापरं ब्रिस्टलच्या मातीत सापडतात.

आता कामाचं. साखर पाण्यात विरघळवून चुना घालत, मग बैलाचं रक्त किंवा अंड्याचा पांढरा बलक. गरम झालं की तो गोठतो आणि घाण धरून वर येतो. रक्ताला घरातून सक्त मनाई. माझ्या डोक्यात वेगळंच होतं: आमच्याकडे रसाची मळी, म्हणजे वर येणारी घाण, काढायला भेंडीचा चीक घालतात. म्हणून अर्धा किलो साखरेवर चाचणी घेतली. गोठवलेली भेंडी ठेचून पाण्यात चोळली आणि चीक ओतला. थोडी मळी आली, नाही असं नाही. पण गाळायच्या फडक्याची भोकं त्या बुळबुळीतपणाने बुजली आणि पाऊण तासात वाटीभर पाक खाली आला. ताज्या रसात जे चालतं ते विरघळवलेल्या साखरेत चालेलच असं नाही.

चुन्यातही चूक. खायचा चुना दोन चमचे थेट ढवळला. पाक बघता बघता काळपट झाला, चव साबणासारखी. मस्कोवाडोत काकवी असते आणि जास्त चुन्याने तीच काळी पडते. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा आणि वरची निवळी तेवढी घ्यायची. आजी निवळी करायची ते मला आठवत होतं. तरी चमच्याने घातला.

अर्धा किलो साखर सिंकमध्ये.

२८ एप्रिल

दीड किलो मस्कोवाडो, पाऊण लिटर चुन्याची निवळी, दोन अंड्यांचा पांढरा बलक. हे मात्र झकास. बलक घट्ट होऊन वर करडी साय धरली, झाऱ्याने काढली, पुन्हा आली, पुन्हा काढली. खाली पाक चहाएवढा स्वच्छ. मलमलीच्या फडक्यातून (५ पाउंड) पाच मिनिटांत गळला.

मग आटवायला ठेवला. आणि इथे माझ्यातला गूळवाला जागा झाला. थंड पाण्यात थेंब टाकला, बोटांनी गोळी वळून बघितली, टणक गोळी झाली की उतरवायचा. लहानपणापासून हेच बघितलेलं. १२ पाउंडांचा तापमापक बाजूला पडून होता. उतरवल्यावर बघितलं तर १२१ अंश. शेंड्याच्या भोकात फडक्याचा बोळा ठोकला, पाक ओतला.

दुसऱ्या दिवशी बोळा काढला. एक थेंब नाही. विणायची सुई खुपसली, वाकली. साचाभर दगड.

काकांना फोटो पाठवला. काका चाळीस वर्षं गुळव्या होते, करवीर तालुक्यात त्यांच्या हातच्या गुळाला बाजारात नाव होतं. फोन आला.

“आरं, ही तर भेली झाली की!”

“साखर करायची होती, काका.”

“मग एवढा का आटवलास? गुळात काकवी कोंडून ठेवायची असती. तुला तर ती बाहेर काढायची हाय न्हवं? वाट ठेव की तिला.”

एवढ्या एका वाक्यात साच्याचं सगळं तत्त्व आलं. आमच्या बादलीला भोक नसतं. गूळ करणारा रसातलं सगळं राखतो, साखर करणारा निवडून बाजूला काढतो. टणक गोळीपर्यंत नेलेल्या पाकात वाहायला पाणीच उरत नाही, मग काकवी दाण्यांच्या फटीत अडकून बसते. म्हणजे भोक पाडून भागत नाही, पाकही त्या भोकासाठीच शिजवावा लागतो.

साचा गरम पाण्यात दोन दिवस ठेवला. भेली सुटली नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकताना साचा फुटला. तुकडे मोजले: बोटाच्या पेरापेक्षा मोठे ४३. त्यात शेंडा एक. तुकडे एका खोक्यात जपून ठेवले, त्यांचं काम पुढे पडलं. गूळ मात्र चांगला झाला होता. चहात महिनाभर पुरला.

११ मे

उरलेला एकच साचा, म्हणून आता प्रत्येक पायरी वहीत लिहून.

साचा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. जुने कारागीरही साचे भिजवूनच वापरत. कोरडं खापर पाक शोषतं आणि साखर भिंतीला चिकटते. मागच्या वेळी मी हे वगळलं होतं, आणि भेली न सुटण्याचं अर्धं कारण तेच होतं.

बोळा फडक्याची घट्ट सुरळी करून, बाहेर शेपटी ठेवून, म्हणजे ओढून काढता येतो.

पाक ११५ अंशांवर उतरवला. तापमापक नसलेले ते लोक अंगठा आणि बोटात पाक धरून तार ओढून बघत. मीही बघितली: आपल्या दोन तारी पाकाच्या पुढची, पण गोळी घट्ट व्हायच्या आधीची. उघड्या कढईत एवढ्या तापमानाला थोडा रंग येतोच. हवा काढून कमी तापमानाला पाक आटवायची बंद कढई १८१३मध्ये एडवर्ड हॉवर्ड याने पेटंट केली आणि त्यानंतर हा धंदा हळूहळू बदलत गेला. मी १६१२मध्ये अडकलेलो असल्यामुळे रंग सोसला. धुराची घंटा मात्र एकविसाव्या शतकातली, ती दोनदा वाजली.

ओतायच्या आधी पाक खाली ठेवून लाकडी पळीने कडा घासत ढवळला, कढईच्या काठाला दाणा दिसेपर्यंत, आठ मिनिटं. मग साच्यात. अर्ध्या तासाने सुरीने साच्याच्या कडेने एकदा फिरवलं, म्हणजे दाणा सगळीकडे सारखा बसतो आणि भिंतीला घट्ट धरत नाही.

१२ ते १७ मे

अठरा तासांनी बोळा ओढला. सुई चार बोटं आत गेली. दाणा! साचा लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बसवला. झिलईचं मडकं करायला भट्टीत आणखी दोन फेऱ्या आणि महिना गेला असता, आणि चिनी मातीची बरणी तेच काम करते.

गळेना. सहा तासांत तीन थेंब. पुन्हा गूळ झाला की काय म्हणून धसकलो. मग लक्षात आलं, स्वयंपाकघरात १६ अंश होते. थंड काकवी वाहत नाही. साचा आणि बरणी उचलून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात नेली. तिथे ३१ अंश. चाळीस मिनिटांत धार लागली. पहिल्या दिवसात ३१० ग्रॅम, पाचव्या दिवसाअखेर ५६० ग्रॅम.

तर लुइन्स मीडच्या मजल्यांचं उत्तर हे. खाली भट्ट्या, वर एकावर एक उबदार माळे आणि त्यावर ओळीने उभे साचे, आठवडेच्या आठवडे गळत. पाक शिजवायला काही तास, पण साचा जागा अडवतो ती महिनाभर. म्हणून इमारत उंच आणि म्हणून साचे शेकड्यांनी लागतात. माझ्या एका साच्याने कपाटातले सगळे टॉवेल बाहेर काढले. त्यावरून घरात झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

मुंग्या १४ तारखेला आल्या. बरणी पाणी भरलेल्या परातीत ठेवली.

१८ मे

गळणं थांबलं. वरून बघितलं तर साखर भुरकट, ओल्या वाळूसारखी. आता हिला पांढरी करायची. इथे या कारागिरांची खरी युक्ती लागते: साखरेच्या वर ओल्या पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. मातीतलं पाणी हळूहळू खाली झिरपतं आणि दाण्यावर चिकटलेली काकवी धुवत भोकातून बाहेर नेतं. माती साखरेत उतरत नाही, वाळून वडीसारखी निघते. उत्तर हिंदुस्थानात खांडसरीवाले याच कामाला पाण्यातलं ओलं शेवाळ साखरेवर पसरत. तत्त्व तेच, पाणी एकदम द्यायचं नाही.

मी एकदम दिलं. केओलिन नावाची पांढरी माती (४ पाउंड) दह्याएवढी पातळ कालवली आणि ओतली. सकाळी मातीच्या मधोमध खड्डा आणि त्याखाली साखरेत अंगठ्याएवढी विहीर. पाणी एकाच वाटेने धावलं आणि जाताना साखर विरघळवत गेलं.

१९ मे ते २ जून

दुरुस्ती. माती उचलली. वरची तीन बोटं साखर उकरून मोकळी केली, विहिरीत दाबून भरली, चमच्याच्या पाठीने सपाट केली. वर जरा जरी उतार राहिला तरी पाणी तिकडेच जातं, हे मी विहीर पाडून शिकलो. या खेपेला माती चांगल्या टांगलेल्या चक्क्याएवढी घट्ट आणि थर दोन सेंमी. सहा दिवसांत ती वाळून कडेने सुटली, भाकरीसारखी उचलता आली. खाली वरचा चार बोटांचा भाग मलईच्या रंगाचा! २५ मे रोजी पुन्हा एक थर. पांढरेपणा वरून खाली सरकताना दिसत नाही, पण बरणीतली काकवी फिकी होत जाते, त्यावरून कळतं. शेवटचे थेंब जवळपास मधाच्या रंगाचे होते.

बरणीत एकूण ९३० ग्रॅम. साखरघरात हे फेकत नसत. पुन्हा उकळून हलकी साखर काढत, उरलेलं काकवी म्हणून विकत किंवा दारूच्या भट्टीला देत. आमच्याकडे पोळीबरोबर गेलं.

९ जून

साचा आठवडाभर कपाटात वाळू दिला, मग उलटा करून काठ लाकडी फळीवर हलकेच आपटला. दुसऱ्या आपटीला शंकू बाहेर. आवाज ओल्या नारळासारखा.

उंची २१ सेंमी, कारण वरचा भाग धुऊन खाली बसला होता. तळाचा भाग मलईचा, मध्य फिकट बदामी, शेंड्याची तीन बोटं तपकिरी आणि चिकट. सगळी काकवी शेवटी तिथूनच जाते, त्यामुळे शेंडा कधी पांढरा होतच नाही. तो कापून पुढच्या पाकात टाकायची पद्धत होती. मी कापून खाल्ला. कापल्यावर, ओव्हनमध्ये ५० अंशांवर दोन दिवस वाळवून वजन ६१० ग्रॅम. दीड किलोतून ६१०. त्या काळी असे शंकू निळ्या कागदात गुंडाळून विकत, निळ्याशेजारी साखर आणखी पांढरी दिसते म्हणून. मीही गुंडाळला. फरक पडतो, चक्क पडतो.

आजपर्यंतचा खर्च ८५ पाउंड ५० पेन्स, अंडी, वीज आणि टॉवेल सोडून. प्रत्यक्ष हाताचं काम पन्नासेक तास, बाकी वाट बघणं.

१५ जून

साचा साखरेपेक्षा जास्त बोलतो, म्हणून आज त्याची तपासणी. बाहेरच्या अंगाला, काठाखाली, झिरपलेल्या पाकाचा चकचकीत पापुद्रा. आत शेंड्याजवळ पांढरं अस्तर तपकिरी. भोकाची आतली कड बोळ्याने घासून गुळगुळीत झालेली. कोमट पाण्यात दोनदा धुतला आणि पापुद्रा गेला. अस्तराचा डागही फिका पडला. म्हणजे चारशे वर्षं ओल्या मातीत पडलेल्या खापरावर साखर शोधण्यात अर्थ नाही. भोकाची घासलेली कड मात्र राहते.

२९ जून

पुन्हा पेट्यांपाशी. फुटलेल्या साच्याचं खोकं बरोबर नेलं.

त्याचे ४३ तुकडे मिसळून टेबलावर टाकले आणि बाकीच्यांना विचारलं, साचे किती? उत्तरं दोन ते सहा. मी स्वतः तुकडे न ओळखता मोजले असते तर चार म्हणालो असतो. शेंडा एकच, हे बघितल्यावर वाद संपला. साच्याला शेंडा एकच असतो आणि तोच सगळ्यात जाड, म्हणून सहसा अखंड राहतो. तेव्हा आधी शेंडे मोजायचे, मग काठाचे तुकडे जुळवून ताळा घ्यायचा. भिंतीचे तुकडे फक्त वजनाला. कुंडी आणि साचा यांत गोंधळ होत असेल तर तळ बघा: कुंडीचा तळ सपाट आणि भोक सपाट बुडाला, साच्याला बसायला बूडच नसतं.

मग जानेवारीतल्या माझ्या सात पिशव्या उघडल्या. एकेक तुकडा आतून बोटाने चाचपला. अस्तर असेल तर बोट सरकतं, चुना बसलेला असेल तर अडखळतं. तीन शेंडे निघाले, तिन्हींच्या भोकाची कड घासलेली. मडक्यांचे झिलईवाले तुकडे ‘स्वयंपाकाची भांडी’मधून काढून त्यांच्या शेजारी ठेवले. ‘गटाराचा नळ’ खोडून सहा पिशव्यांवर नवं लिहिलं.

सातव्या पिशवीतले तुकडे खरंच गटाराच्या नळाचे निघाले.